अर्ध्या तासाचं मेण

४ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही, स्वतःच्या शिस्तीसाठी. मोठी माणसं लिहायची म्हणे.

काल नव्या खुर्चीवर बसलो. मलमांच्या कारखान्यात लॅबचा प्रमुख. तूर्त हंगामी, पण 'हंगामी' हा शब्द साहेबांनी इतका हळू उच्चारला की त्यांनाच तो पटत नसावा. बावीस वर्षं तेलाच्या गिरणीत काढली. तेलाचा थेंब न् थेंब मला ओळखतो. आता मेण.

संकल्प: चहात साखर बंद. रोज पहाटे फिरायला जाणे. रागावर ताबा. आणि वर्ष संपायच्या आत 'मेणाचे रसायन: सर्वांसाठी' हा ग्रंथ पूर्ण करणे. ग्रंथाला निळं कव्हर शोभेल.

५ फेब्रुवारी

फिरायला गेलो नाही. नवी चप्पल चावते.

लॅब लांबट आहे. एक खिडकी, तीही बॉयलरच्या चिमणीकडे. भिंतीवर आधीच्या प्रमुखांच्या अक्षरातलं एक कार्ड: 'मेण, पोटॅशबरोबर, चार तास उकळणे.' हसू आवरेना. हे गृहस्थ सकाळी फ्लास्क चढवायचे आणि दुपारपर्यंत पेपर वाचायचे, असं शिपाई म्हणाला. चार तास कशाला लागत होते ते समजलं. गिरणीत आम्ही तेल अर्धा तास उकळायचो, बावीस वर्षांत तक्रार नाही. तेल म्हणजे एस्टर. मेण म्हणजेही एस्टर. घराणं एकच. मग एकाला अर्धा तास आणि दुसऱ्याला चार, हे काय लाड?

कार्ड काढलं. नवा नियम: सगळ्यांना अर्धा तास. लॅबमध्ये एक ज्युनिअर बाई आहेत, अजून प्रोबेशनवर. त्यांनी विचारलं, सर, मेणालापण? मी म्हटलं, मेणालापण. त्यांनी घड्याळ अर्ध्या तासाला लावलं. तयार होतील हळूहळू.

७ फेब्रुवारी

बायकोने आठवण करून दिली की आपल्या कारखान्यात मेण येतं ते साडूंकडून. साडू म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीचे यजमान. गावाबाहेर टेकडीच्या उतारावर त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत. सासरचं सगळं घर त्यांच्यावर लट्टू. भाऊजींच्या हाताला माशीसुद्धा डसत नाही, हे वाक्य मी लग्नापासून ऐकतोय. माझा हात लागला की नळ गळायला लागतो, हेही त्याच दमात ऐकतो.

दर वेळी गेलं की ते मधाची बरणी देतात. बरणी नको तितकी मोठी असते. समोरच्याला लहान वाटावं म्हणूनच ती तशी असते, असं माझं मत. पण माझ्या मनात त्यांच्याविषयी काहीही नाही. नोंद असावी म्हणून मुद्दाम लिहितो: काहीही नाही.

११ फेब्रुवारी

आज साडूंच्या पोत्यातलं मेण तपासलं. एस्टर अंक, म्हणजे मेण फोडताना किती पोटॅश खर्ची पडला त्याचं माप, सत्तरच्या वर हवा. आला एकावन्न.

पुन्हा केलं. एकोणपन्नास.

अंक पडायचं कारण शेंबडं पोरही सांगेल: पॅराफिन. खनिज तेलातून निघणारं स्वस्त मेण. त्यात एस्टर औषधालाही नसतो. पोटॅशने फोडायचं तरी काय? पोटॅश तसाच उरतो, मग सूचक घातल्यावर त्याला येणारा गुलाबी रंग घालवता घालवता आम्लाची नळी, म्हणजे ब्युरेट, रिकामी होते. आज तसंच झालं. रंग जाता जाईना.

तरी मी घाई करणारा माणूस नाही. दुसरी परीक्षा केली. उकळलेलं द्रावण निवायला ठेवायचं. शुद्ध असेल तर बराच वेळ नितळ राहतं, पॅराफिन असेल तर लगेच गढूळतं. दूधच झालं. म्हणजे साक्षीदार दोन, फ्लास्क एक, आणि जबानीत काडीचाही फरक नाही. आणखी काय पाहिजे?

फार वाईट वाटलं. बिस्किटांचा अर्धा पुडा खाल्ला. संकल्प चहातल्या साखरेचा होता.

१२ फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं. ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, तुमचे नातेवाईक ना हे? मी म्हटलं, शास्त्राला नातं नसतं. हे वाक्य आपसूक आलं. ग्रंथात घ्यायचं.

साहेबांनी साडूंचं मेण बंद केलं आणि लगेच पॉलिशवाल्यांना नि साबणवाल्यांनाही फोन लावले. हा माणूस भेसळ करतो, जपून राहा. मी फोन करा असं म्हटलं नव्हतं. करू नका असंही म्हटलं नाही.

१३ फेब्रुवारी

घरी सांगावं लागलं. बायकोने हातातली थाळी खाली ठेवली. आदळली नाही, ठेवली. मी तिला सोप्या भाषेत एस्टर समजावून सांगू लागलो: एका हाताला आम्ल, एका हाताला अल्कोहोल. ती मध्येच म्हणाली, "भाऊजी चोर आहेत असं म्हणताय का तुम्ही?"

मी म्हटलं, मी काहीच म्हणत नाही, फ्लास्क म्हणतो.

तेव्हापासून ती फ्लास्कशीही बोलत नाही नि माझ्याशीही.

२० फेब्रुवारी

घरात शांतता. लेखनाला पोषक. ग्रंथाचा पहिला परिच्छेद झाला. तो इथे उतरवून ठेवतो, कारण असं रोज होत नाही:

'मेणाचा एस्टर हा तेलाच्या एस्टरसारखा भोळा नव्हे. इकडे लांबच लांब आम्ल, तिकडे त्याहून लांब अल्कोहोल, आणि मधोमध इवलासा सांधा. या दोन शेपट्या पाण्याला आणि पोटॅशला सांध्याजवळ फिरकू देत नाहीत. म्हणून मधमाशीचं मेण पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. ते फोडायचं तर चिकाटी हवी, आणि वेळ हवा.'

तीनदा वाचला. स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून मोठ्याने एकदा. 'आणि वेळ हवा' इथे आवाज थोडा खाली आणला. आतून कुकरची शिट्टी आली.

पुढचं सुचेना. पण पाया पक्का झाला.

२८ फेब्रुवारी

दुसऱ्या एका मेणवाल्याचा माल आला. त्रेपन्न. तिसऱ्याचा आला. अठ्ठेचाळीस. चोरांचा बाजार आहे सगळा! आजवर एकही कसा सापडला नाही? आधीचे प्रमुख पेपर वाचत होते म्हणून. की यांना सामील होते? तसं मी कुणाविषयी बोलत नाही.

साहेब आधी खूश झाले, मग म्हणाले की अहो, सगळेच नापास, तर मलम कशाचं करायचं? हा प्रश्न खरेदी विभागाचा आहे, असं मी नम्रपणे सांगितलं.

९ मार्च

साडू लॅबमध्ये आले. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. बरणीसुद्धा नाही. बसा म्हटलं तर बसले नाहीत. मला वाटलं आता गयावया करतील, आणि मी कसं मोठेपणाने ऐकून घ्यायचं त्याची तयारीही केली होती. पण ते माल घ्या असं म्हणालेच नाहीत. पॉलिशवाल्याने दारातूनच परत पाठवलं, बाजारात माणसं पाठ फिरवतात, एवढं सांगितलं. मग म्हणाले, "पोळं तुमच्या हातानं कापा. तुमच्याच हातानं वितळवा, तुमच्या काचेत घाला. मग मी चोर निघालो तर चोर."

ज्युनिअर बाई खाली मान घालून नळी धूत होत्या. धुतलेलीच नळी होती.

मी हो म्हटलं. शास्त्र कुणाला भीत नाही.

११ मार्च

टेकडीवर जाऊन आलो. बायकोही आली, पण बसमध्ये वेगळ्या बाकावर बसली. मी जाळीची टोपी, हातमोजे, रेनकोट आणि मोज्यांचे दोन जोड असा बंदोबस्त केला होता. साडूंनी उघड्या हाताने पेटीचं झाकण काढलं, थोडा धूर दिला, आणि माश्यांशी काहीतरी पुटपुटले. माशी मला चावली. कानाला. मोज्यांचा उपयोग झाला नाही.

पोळं मीच कापलं. मेव्हणीच्या स्वयंपाकघरात गरम पाण्यात वितळवलं, गाळलं, वडी पाडली. वास असा की घर भरून गेलं. मेव्हणीने चहा दिला. त्यात साखर होती. अशा प्रसंगी नाही म्हणणं बरं दिसत नाही. साडू दाराला टेकून उभे होते, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा जरा सैल झाला होता. त्यांची खात्री होती ना. मला कसंसंच झालं.

१२ मार्च

पन्नास.

साडू समोर उभे होते. थेंब थेंब आम्ल पडत होतं आणि गुलाबी रंग तसाच. त्यांनी त्या फ्लास्ककडे इतका वेळ पाहिलं की मला खोकावं लागलं. मग म्हणाले, "हे तर माश्यांनी केलं होतं."

खरं आहे. मी स्वतः कापलं, स्वतः वितळवलं. माणसाचा हात मध्ये आलाच नाही. मग निष्कर्ष एकच उरतो, कितीही धक्कादायक असो: माश्याच भेसळ करतात. टेकडीच्या खाली हायवे आहे, हायवेला पेट्रोल पंप आहे, पॅराफिन येतं पेट्रोलियममधून. आणखी काय सांगायचं? असा शोध आयुष्यात एकदा लागतो. कदाचित माझ्या नावाने ओळखला जाईल.

साडूंना धीर दिला. म्हटलं, दादा, दोष माश्यांचा आहे, तुमचा नाही. पण जबाबदारी शेवटी मालकाची. त्यांनी मान हलवली. चहा तसाच ठेवून गेले.

२ एप्रिल

साहेबांनी बोलावून सांगितलं की महिनाअखेर मला कायम करतात. तीस तारखेला सही. मलमाचं मशीन आठवड्यातून दोन दिवस बंद असतं, मेणच नाही. आता बोटीने लांबून मागवणार. साहेब म्हणाले, महाग पडेल, पण तुमच्यासारखा माणूस आहे म्हणून निदान फसत तरी नाही.

बायकोला सांगितलं. तिने विचारलं, ताईकडे शेवटचा फोन कधी केला होतात? विषय कसा बदलावा हे तिच्याकडून शिकावं.

१७ एप्रिल, संध्याकाळ

चमत्कारिक प्रकार. 'मधमाशी आणि भेसळ' या लेखासाठी साडूंच्या पोळ्याचं उरलेलं मेण उकळायला ठेवलं होतं. ज्युनिअर बाई रजेवर. तेवढ्यात मीटिंगचं बोलावणं आलं: कँटीनच्या खुर्च्या लाकडी असाव्यात की प्लॅस्टिकच्या. दुपार तीत गेली. (निर्णय झाला नाही.) परत येतो तर फ्लास्क अजून खदखदतोय.

फेकून देणार होतो. सहज ब्युरेट लावली. दोन-चार थेंबांचा फरक नाही, गुलाबी रंग भलत्याच लवकर गेला. हिशेब केला. चौऱ्याहत्तर. निवायला ठेवलं तर काचेसारखं नितळ.

उघड चूक आहे. जास्त उकळल्याने अंक फुगला. ओतून दिलं, फ्लास्क दोनदा धुतला.

१८ एप्रिल

चूक सिद्ध करण्यासाठी पुन्हा केलं. मुद्दाम चार तास. वेळ जावा म्हणून पेपर वाचला. पंचाहत्तर.

१९ एप्रिल

दुसऱ्या मेणवाल्याचं: त्र्याहत्तर. तिसऱ्याचं: चौऱ्याहत्तर. पॅराफिन कितीही उकळलं तरी फुगत नाही, हे मला माहीत आहे. तरी बाटलीतलं पॅराफिन घेऊन तेही चार तास उकळलं. शून्य.

ज्युनिअर बाईंनी चारही आकडे पाहिले. तारखेसह वहीत उतरवून घेतले. आदर असावा.

२० एप्रिल

आज काही लिहिण्यासारखं नाही. बिस्किटांचा अख्खा पुडा संपला. बिस्किटं बंद केली पाहिजेत.

२१ एप्रिल

नवा संकल्प, आणि हा मोडायचा नाही. साडूंना सांगायचं. स्वच्छ, एका वाक्यात. वाक्यही तयार केलं: 'दादा, मेण शुद्ध होतं, उकळणं अपुरं पडलं.' चांगलं वाक्य आहे. कुणी उकळलं ते त्यात येत नाही.

मग साहेब बाजारात तीन फोन करतील, आणि साडू पुन्हा ताठ मानेने हिंडतील. इतकं सोपं आहे. उद्याच जातो.

२२ एप्रिल

नीट विचार केला. तीस तारखेला सही आहे. त्याआधी साहेबांच्या डोक्याला ताप देणं योग्य नाही. आठवडाभराचा प्रश्न. एवढ्यात काही माश्या मरत नाहीत.

२५ एप्रिल

बायको आपणहून बोलली. ताईचा फोन होता. भाऊजी जेवत नाहीत, दिवसभर पेट्यांपाशी नुसते बसून असतात, कुणाशी बोलत नाहीत. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात एक चांगली बातमी आहे. कसली? शास्त्रीय, म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी फिरायला गेलो. जवळजवळ तीन महिन्यांत पहिल्यांदा. कोपऱ्यापर्यंत.

३० एप्रिल

साहेब बाहेरगावी. सही चार तारखेला. म्हणजे माझंही चार तारखेला.

४ मे

कायम झालो. खुर्चीला आता हात आहेत. कँटीनमध्ये सगळे जमले होते. साहेब बोलले: ज्या माणसाने आपल्या सख्ख्या साडूलाही सोडलं नाही, त्याच्या हातात आपला माल सुरक्षित आहे. टाळ्या. ज्युनिअर बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. पण त्यांच्या हातात कप होता.

चार शब्द बोला म्हणाले. वाक्य ओठांवर होतं. पण लोक आनंदात होते. दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालणं माझ्या स्वभावात नाही. शास्त्राला नातं नसतं, एवढंच म्हणालो. पुन्हा टाळ्या.

५ मे

कामावर गेलो नाही. चप्पल चावते.

७ मे

समोरासमोर बोलण्यापेक्षा पत्र बरं. माणूस शांतपणे वाचू शकतो. लिहायला बसलो. 'आदरणीय दादा, मेणाचा एस्टर फुटायला वेळ का लागतो ते आधी पाहू.' हात असा चालला की चार पानं झाली. वाचून पाहिलं तर ग्रंथाचं दुसरं प्रकरण झालं आहे. पत्रात आता दादांचं काही उरलेलं नाही. पण प्रकरण उत्तम.

९ मे

ज्युनिअर बाईंनी दुसरीकडे नोकरी धरली. जाताना म्हणाल्या, "सर, त्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं." मी म्हटलं, परवा जातोय. त्या म्हणाल्या, नक्की? या पिढीचा कशावर विश्वास नाही.

११ मे

जाऊन आलो. लिहून ठेवतो.

बायको बरोबर होती. बसमध्ये मनातल्या मनात वाक्य घोकलं. 'मी उकळलं ते अपुरं पडलं,' असा बदलही केला. 'मी' घातला. तो घालताना घाम फुटला, पण घातला.

बसमधून उतरलो तोच जळक्या मेणाचा वास आला. आधी कळेना. वर गेलो तर पेट्या एकावर एक रचलेल्या, रिकाम्या, झाकणं वेगळी. अंगणात मोठा काळा डाग, त्यावर राखेत थिजलेलं मेण. एकही माशी नाही. मेव्हणी दारात होती. बायकोने तिचा हात धरला.

साडू ओट्यावर बसले होते. दाढी वाढलेली. मला पाहून उठले आणि मी तोंड उघडायच्या आत माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, "तुम्ही बरोबर होतात." मग सावकाश सांगू लागले. त्यांनी महिनाभर विचार केला. माश्या तर खोटं करत नाहीत, मग खोट आली कुठून? शेवटी त्यांना उमगलं. पोळं सरळ बांधलं जावं म्हणून पेटीतल्या चौकटीत मेणाचे पातळ पत्रे बसवतात. ते पत्रे ते बाजारातून आणत. त्यातच पॅराफिन असणार. तरुणपणापासून ते लोकांना खोटं मेण विकत आले आणि त्यांना कळलंही नाही. म्हणून परवा त्यांनी सगळी पोळी काढून पेटवून दिली. खोटं मेण पुन्हा कुणाकडे जायला नको.

माश्यांचं काय, असं बायकोने विचारलं. पोळ्यांत पिल्लं होती, ती गेली, ते म्हणाले. बाकीच्या दिवसभर त्या काळ्या डागावर घोंगावत राहिल्या. कालपासून नाहीत.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माझ्यामुळे तुमच्या नावाला बट्टा लागला असता. मला माफ करा."

वाक्य तयार होतं. 'मी'सकट. जिभेच्या टोकावर होतं. पण सगळे माझ्याकडे पाहत होते. मेव्हणी पाहत होती, साडूंच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि बायको. आजवर जी नजर तिने फक्त भाऊजींसाठी राखून ठेवली होती, ती आज माझ्यावर होती. शिवाय सांगून आता काय होणार होतं? पोळी तर जळली. वर पुन्हा ती उगाच जाळली असं कळलं तर माणूस खचून जाईल. त्यांचा विचार करायला हवा होता कुणीतरी. मी घसा साफ केला.

म्हटलं, होतं असं, दादा. मनाला लावून घेऊ नका.

त्यांनी माझा हात कपाळाला लावला. मेव्हणीने डोळे पुसले आणि चहा टाकायला आत गेली. वातावरण एकदम हलकं झालं. मी त्यांना मोठ्या मनाने माफ केलं.

येताना बायको माझ्याच बाकावर बसली. सगळा रस्ता बोलत होती. म्हणाली, मी तुम्हाला काय काय समजले, किती टाकून बोलले, चुकलं माझं. उतरताना तिने माझी पिशवीही घेतली.

तिलाही मी माफ केलं.